न्हाणीघरातली भट्टी



या व्यासपीठावरून गेले आठ दिवस आपण मोठमोठे विषय ऐकत आहात. संतवाङ्मय झाले, राज्यघटना झाली, परवा आकाशातील ताऱ्यांविषयी फार सुंदर भाषण झाले. आज आपल्याला खाली उतरून थेट न्हाणीघरात यायचे आहे. संयोजकांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून घेतले, "गॅसचा गिझर कोणता घ्यावा, हाच विषय ना?" मी म्हटले, "हाच." व्याख्यानाला विषय उंचच हवा असे मी मानत नाही. माणसाच्या जिवाशी ज्याची गाठ आहे तो विषय व्याख्यानाला पुरेसा आहे.

माझी ओळख करून देताना अध्यक्षांनी मला अभ्यासक म्हटले. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. शाळा लवकर सुटली, पुढचे जे काही शिकलो ते रात्रीच्या वाचनालयात आणि दिवसा ओतशाळेत. ओतशाळेत भट्टी असते. तीस वर्षे भट्टीच्या आसपास काढल्यावर जाळ, हवा आणि धूर या तिघांचे आपसांतले नाते मनुष्याला कळू लागते. तेवढ्याच भांडवलावर मी आज बोलणार आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. 'गिझर' हा शब्द मूळचा आइसलँडचा. तिथे गेसिर नावाचा उकळत्या पाण्याचा झरा आहे, त्याच्यावरून हा शब्द जगभर पसरला. आपल्या कोकणात अशा झऱ्याला उन्हाळे म्हणतात. राजापूरचे उन्हाळे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. १८६८ साली लंडनमधल्या बेंजामिन मॉन नावाच्या एका रंगारी कारागिराने गॅसच्या ज्योतीवर वाहते पाणी तापवण्याचे यंत्र काढले आणि त्याला त्या झऱ्याचे नाव दिले. त्या पहिल्या यंत्रात एक मोठी उणीव होती. धूर बाहेर नेणारे धुराडेच त्याला नव्हते. आज दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या बाजारात भिंतीवर टांगायचे जे छोटे गॅस गिझर सर्रास विकले जातात, त्यांतल्या बहुतेकांना धुराडे नाही. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा, कारण पुढचे सारे भाषण तिच्याभोवतीच फिरणार आहे.

आपल्याकडे पूर्वी तांब्याचा बंब होता. आजच्या तरुण मंडळींनी तो जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात पाहिला असेल. बंबाच्या पोटात मधोमध नळकांडे असे, खाली बंबफोडीचा जाळ आणि वर धूर. हा बंब बहुधा परसात, पडवीत किंवा उघड्या मोरीशी ठेवलेला असे. धुराने डोळे चुरचुरत म्हणून तो कोणी खोलीत आणत नसे. म्हणजे धूर दिसत होता आणि झोंबत होता, हेच आपले संरक्षण होते. गॅसचा जाळ निळा, स्वच्छ, धूर दिसत नाही, वास येत नाही, भांडे काळे होत नाही. मग आपण निर्धास्तपणे तो जाळ चार फूट बाय सहा फुटांच्या बंद खोलीत आणून टांगला आणि दाराला आतून कडी घातली.

आता थोडे गणित करू. घाबरू नका, बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे मी जाणार नाही.

वीस लिटरची एक बादली घ्या. नळाचे पाणी हिवाळ्यात वीस अंशांवर असेल, ते पंचेचाळीस अंशांवर न्यायचे आहे. म्हणजे पंचवीस अंश वाढवायचे. वीस गुणिले पंचवीस, पाचशे किलोकॅलरी उष्णता लागली. एक किलो गॅस जळला की सुमारे अकरा हजार किलोकॅलरी उष्णता देतो, आणि गिझर त्यातली सुमारे ऐंशी टक्के पाण्यात उतरवतो. हिशेब केला तर एका बादलीला ५७ ग्रॅम गॅस पडतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशा जवळजवळ २५० बादल्या निघतात.

हा झाला पैशाचा हिशेब. आता हवेचा करू, जो दुकानदार करून दाखवत नाही. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे ४५० घनफूट हवा लागते. म्हणजे ५७ ग्रॅमला जवळजवळ २६ घनफूट. आपले न्हाणीघर किती मोठे असते? चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. चार सक चोवीस, चोवीस आठे एकशे ब्याण्णव घनफूट. एकशे ब्याण्णवला सव्वीसने भागा. सात बादल्यांच्या थोडे पुढे गेलात की त्या खोलीभर हवेतला सगळा प्राणवायू जळून जाण्याइतका हिशेब पुरा होतो.

कोणी म्हणेल, खोली काही डबाबंद नसते, दाराखालच्या फटीतून हवा येतेच. खरे आहे, येते. म्हणून तर बहुसंख्य घरांत काही घडत नाही, आणि म्हणूनच लोकांना वाटते की घडणारच नाही. पण सगळा प्राणवायू संपेपर्यंत धोका वाट पाहत बसत नाही. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत बिघडू लागते. पुरेसा प्राणवायू मिळाला तर गॅस जळून कार्बन डायॉक्साइड आणि वाफ होते. कमी मिळाला तर जळणे अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शिवाय ज्योतीने एकदा सोडलेली हवाच पुन्हा ज्योतीकडे येते, त्यामुळे बिघाड वाढत जातो. पहिल्या बादलीच्या वेळी खोली जितकी सुरक्षित होती तितकी ती सहाव्या बादलीला नसते.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन असते, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. रेल्वेच्या डब्यात आरक्षित जागेवर दुसराच कोणी बसावा आणि उठायलाच तयार नसावा, तसा प्रकार. मनुष्य श्वास घेत असतो, छाती हलत असते, पण प्राणवायू मेंदूपर्यंत पोचत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, पायांतले बळ जाते. कळते तेव्हा कडीपर्यंत हात उचलण्याची ताकद उरलेली नसते.

हे ज्ञान जगाला कामगारांच्या मृत्यूंतून मिळाले आहे. १८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ५७ माणसे गेली. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाचे शरीरशास्त्रज्ञ तिथे गेले आणि त्यांनी मृतदेह तपासले. बहुतेक माणसे स्फोटाच्या दणक्याने मेलेली नव्हती, स्फोटानंतर बोगद्यात भरून राहिलेल्या या वायूने मेली होती. हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम लिहून ठेवले आहेत. लहान प्राण्यांवर त्याचा परिणाम माणसाच्या आधी होतो हे त्यांनी दाखवले, आणि त्यातून खाणीत पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत आली. पक्षी पडला की कामगारांनी बाहेर पळायचे. ब्रिटनमधल्या खाणींत हे पक्षी १९८६ सालापर्यंत होते. त्यानंतर त्यांची जागा यंत्रांनी घेतली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ भगिनी मला सांगतात, "गॅस सुटला तर वास येतोच की!" तो वास सुटलेल्या गॅसचा. गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो, त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र दर्पाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. या मिसळण्यामागेही एक मोठा अनर्थ आहे. १९३७ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी शाळेच्या तळघरात बिनवासाचा गॅस साठला आणि स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर गॅसला वास लावण्याचे कायदे झाले. पण हा वास ज्योतीत जळून जातो. जळल्यानंतर जो विषारी वायू निघतो त्याला वास लावण्याची कोणतीही सोय नाही. गळतीची सूचना नाक देते, अर्धवट जळण्याची सूचना नाक देत नाही.

आता एक हकीकत सांगतो. आमच्या संघटनेच्या एका सभासदाच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले. सून दुसऱ्या कामगाराची मुलगी, म्हणजे दोन्ही घरे आमचीच. लग्नानंतर दोन महिन्यांत ती मुलगी न्हाणीघरात दोनदा बेशुद्ध पडली. हातपाय आखडले, डोळे फिरले. घरात कुजबूज सुरू झाली की मुलीला फिट येतात आणि माहेरच्यांनी ही गोष्ट लपवून ठेवली. मुलीला माहेरी पाठवले. एका दवाखान्यातून अपस्माराच्या गोळ्याही सुरू झाल्या. दोन व्याही भांडत भांडत संघटनेच्या कचेरीत आले, कारण आमच्याकडे सगळीच भांडणे येतात.

मी दोघांना बसवले आणि कारखान्यात अपघात झाल्यावर जे प्रश्न विचारतो तेच विचारले. जागा कोणती? वेळ कोणती? आधी काय काम चालले होते? दोन्ही वेळा जागा न्हाणीघर. दोन्ही वेळा थंडीचे दिवस, झडपेला पुठ्ठा लावलेला. गिझर आत, दाराच्या डोक्यावर. घरात पुरुष पाच, पहिल्या पाळीला जाणारे. त्यांच्या आंघोळी एकामागून एक उरकायच्या, मग डबे भरून द्यायचे, आणि सगळ्यांत शेवटी सुनेने न्हाणीघरात जायचे. मघाचा हिशेब आठवा. पाच माणसांच्या सात-आठ बादल्या होऊन गेल्यावर त्या खोलीत जी हवा उरली होती, ती त्या मुलीच्या वाट्याला येत होती.

गिझर काढून बाहेरच्या उघड्या गॅलरीत बसवला. डॉक्टरांना सगळी परिस्थिती सांगितली. त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या आणि गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. मुलगी परत नांदायला आली. त्यानंतर तिला एकदाही झटका आला नाही. आज तिला दोन लेकरे आहेत. गॅस गिझरमुळे न्हाणीघरात येणाऱ्या अशा झटक्यांची नोंद आपल्या देशातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांतून केलेली आहे. ही बाब नवी नाही. ती आपल्या घरांपर्यंत पोचलेली नाही इतकेच. जीव गेला तर निदान वर्तमानपत्रात चार ओळी येतात. संसार मोडला तर तेवढ्याही येत नाहीत.

या प्रसंगानंतर मी घरी जाऊन कारखाने कायदा पुन्हा उघडला. १९४८ सालच्या कायद्यात ३६ वे कलम होते. ज्या टाकीत, खड्ड्यात किंवा धुराड्यात विषारी वायू असण्याचा संभव आहे, तिथे कामगाराला असे उतरवायचे नाही. बाहेर पडण्याची पुरेशी वाट हवी. आतली हवा तपासून जाणकार माणसाने तसे लेखी दिलेले हवे, नाही तर कामगाराला श्वसनाचे उपकरण आणि कमरेला पट्टा हवा. त्या पट्ट्याला दोरी बांधायची आणि दोरीचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाने धरायचे. कायदे बदलले, त्यांच्या संहिता झाल्या, पण हे तत्त्व अनुभवातून आलेले आहे, ते जुने होत नाही. आता आपले न्हाणीघर पाहा. बंद जागा आहे, जळणारी भट्टी आहे, वाट एकच आणि तिला आतून कडी. बाहेर दोरी धरायला कोणी नाही. कारखान्यात असे आढळले असते तर आम्ही काम बंद पाडले असते.

तर मग गिझर घ्यावाच की नाही? माझे म्हणणे एवढेच की घेताना प्रश्नांचा क्रम बदला. दुकानात गेल्यावर आपण प्रथम किंमत विचारतो, मग मिनिटाला पाणी किती, मग रंग कोणता. मी सांगतो तो पहिला प्रश्न दुकानात विचारायचाच नाही, तो घरात विचारायचा. हा जाळ कुठे जळणार? उघडी गॅलरी, मागची पडवी, वाऱ्याचा मार्ग असलेली जागा असेल तर तिथे गिझर लावा आणि गरम पाण्याचा नळ तेवढा आत न्या. पाइप चार-सहा फूट जास्त लागेल, पहिले एक-दोन तांबे पाणी गार येईल. तेवढे सोसा. आणि अशी जागाच घरात नसेल, तर बिनधुराड्याचा गॅस गिझर आपल्यासाठी नाही असे समजून दुसरा विचार करा. सिलिंडर तर न्हाणीघरात कधीच नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो.

दुसरा प्रश्न, धूर बाहेर कसा जाणार? काही गिझरांना पत्र्याचे धुराडे जोडायची सोय असते. काहींत पंखा असतो, तो जळलेली हवा नळीने बाहेर ढकलतो. सर्वांत चांगला प्रकार असा, की ज्योतीची पेटी पूर्ण बंद, तिला लागणारी हवा बाहेरून नळीने येते आणि धूर नळीनेच बाहेर जातो. खोलीतल्या हवेशी तिचा संबंधच नाही. हे प्रकार महाग आहेत. पण दोन किमतींची तुलना करताना त्या दोन वस्तू एकच आहेत असे समजू नका.

तिसरा प्रश्न, गॅस कोणता? पुणे-मुंबईसारख्या शहरांत नळाचा गॅस आला आहे, इतर गावांतही येतो आहे. सिलिंडरचा गॅस आणि नळाचा गॅस निरनिराळे आहेत, त्यांचा दाब वेगळा, त्यांना लागणारे जेट वेगळे. एकासाठी बनवलेला गिझर दुसऱ्याला तसाच जोडला तर ज्योत बिघडते. खोक्यावर काय लिहिले आहे ते वाचा, आणि नळाचा गॅस येणार असेल तर जेट बदलता येतात की नाही हे आधी विचारा.

चौथा प्रश्न, यंत्राची प्रमाणता. आय.एस.आय.ची खूण पाहा. नाव नसलेला, पावती नसलेला गिझर स्वस्त पडतो, कारण त्यातून कोणते तरी काम वगळलेले असते. प्राणवायू कमी झाल्यास किंवा ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी योजना आहे का, ते विचारा. असेल तर उत्तम, पण तिच्या भरवशावर झडप बंद करू नका. ओतशाळेत आम्ही म्हणतो, यंत्राला अक्कल असेल तर असो, आपली घरी ठेवून यायची नाही.

पाचवा प्रश्न, आकार. मिनिटाला सहा लिटरचा गिझर एका न्हाणीघराला पुरतो. मोठा घेतला की मोठा जाळ आला, आणि तितकी जास्त हवा लागली.

आता दुसऱ्या मार्गांचाही न्याय करू. विजेचा गिझर हवा खात नाही, धूर सोडत नाही. मघाच्या बादलीला त्याला साधारण ०.६५ युनिट वीज लागते. आपल्या सिलिंडरच्या पावतीवरचा आकडा घ्या आणि त्याला २५० ने भागा. बिलावरचा युनिटचा दर घ्या आणि त्याला ०.६५ ने गुणा. समजा सिलिंडर नऊशे रुपयांना आणि युनिट नऊ रुपयांना पडत असेल, तर बादलीला गॅसचे ३ रुपये ६० पैसे आणि विजेचे सुमारे ५ रुपये ८५ पैसे. फरक सव्वादोन रुपयांचा. चौघांच्या घरात चार बादल्या धरल्या तर दिवसाला नऊ रुपये. हा फरक कामगाराच्या घरात लहान नाही हे मी जाणतो. पण ज्या घरात उघडी जागा नाही तिथे हे नऊ रुपये कशाचे मोल आहेत, हेही त्याच कागदावर लिहा. विजेच्या गिझरचे धोके निराळे आहेत. अर्थिंग चोख हवे, शॉक बसताच वीज तोडणारा स्विच हवा, दाब सोडणारी झडप चालू हवी. बादलीत सळई सोडून पाणी तापवण्याचा प्रकार तर बंदच करा. गच्ची आपली असेल तर सूर्यचूल जशी, तसा सूर्यबंब सर्वांत बरा. पावसाळ्याचे काही आठवडे त्याला विजेची जोड लागते, बाकीचे वर्ष तो फुकट राबतो.

आपली पुष्कळ मुले आज अमेरिकेत, कॅनडात आहेत. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून राहून आलेल्यांनी तिथल्या घराच्या तळघरात गॅसची भट्टी पाहिली असेल. तिथे हिवाळ्यात ती सगळे घर ऊबदार ठेवते. अशा गॅसभट्टीचा एक आराखडा न्यू जर्सीतील अ‍ॅलिस पार्कर या कृष्णवर्णी महिलेने १९१९ साली पेटंट करून घेतला होता. त्या भट्टीत ज्योत लोखंडी कोठ्यांच्या आत जळते आणि पंखा घरातली हवा त्या कोठ्यांच्या बाहेरून फिरवतो. आतली जळकी हवा धुराड्यातून बाहेर जाते, बाहेरून तापलेली हवा घरात जाते, आणि दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही हा तिचा मुख्य नियम. कोठीला तडा गेला की भट्टी बदलायची वेळ आली. नवी घेताना तिथले जाणते लोक आधी घराच्या भिंती, खिडक्या, छत मोजून किती उष्णता लागेल याचा हिशेब मागतात. जुनी होती तेवढीच किंवा तिच्याहून मोठी घेत नाहीत, कारण वाजवीपेक्षा मोठी भट्टी सारखी पेटते-विझते आणि लवकर झिजते. मग पाहतात, शंभरातली किती उष्णता घरात उतरते. साध्या भट्टीत ऐंशीच्या आसपास, धुरातल्या वाफेचेही पाणी करून तिची उष्णता काढून घेणाऱ्या भट्टीत नव्वदच्या वर. या दुसऱ्या प्रकारात ज्योतीला लागणारी हवाही बहुधा बाहेरूनच नळीने आणतात. आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइड हुंगून घंटा वाजवणारे यंत्र असते, कित्येक राज्यांत ते कायद्यानेच लावावे लागते. तो खाणीतला पक्षीच आता भिंतीवर बसला आहे म्हणा ना! असे यंत्र आपल्याकडेही विकत मिळते. जिथे गॅसचा जाळ आहे तिथे ते लावावे असे मी आग्रहाने सांगतो.

ज्यांच्या घरी गिझर आजच न्हाणीघरात आहे त्यांनी तो हलवेपर्यंत काय करावे? पाणी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा, दार दोन-चार मिनिटे उघडे ठेवा आणि मग आंघोळीला जा. ज्योत पेटलेली असताना आत कोणीही आंघोळ करू नये. दोन आंघोळींच्या मध्ये दार-खिडकी उघडी राहू द्या. झडपेवरचा पुठ्ठा आज रात्रीच काढा. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी झाली किंवा वरच्या पत्र्यावर काजळी दिसली की वापर थांबवून कारागीर बोलवा. वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, बर्नर साफ करून घ्या. जाळीत धूळ बसते, कोळी घर करतो, आणि तेवढ्याने हवा अडते. थंडीत बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपण्याचा, बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर शेगडी ठेवण्याचा प्रघात काही घरांत अजून आहे. धूर नसलेला लाल निखाराही हाच वायू सोडतो. गर्भवतीला आणि पोटातल्या बाळाला तर त्याचा अपाय अधिकच.

आणि कोणी आत पडलेच तर? आधी दार उघडा किंवा तोडा, गॅस बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. वाचवणाऱ्याने आत रेंगाळू नये. १०८ क्रमांकाला रुग्णवाहिका मागवा. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा की आत गॅसचा गिझर चालू होता. २०२० च्या साथीपासून बोटाला लावायचे प्राणवायूमापक यंत्र घरोघरी आले आहे. या प्रसंगी त्याच्यावर विसंबू नका. हा विषारी वायू चिकटलेले रक्त त्या यंत्राला प्राणवायू भरलेल्या रक्तासारखेच दिसते, आणि माणूस अत्यवस्थ असताना आकडा चांगला येतो. साध्या हवेत या वायूचा निम्मा अंश रक्तातून जायला चार-पाच तास लागतात, रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात जातो. म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात नेलेच पाहिजे. नुसती गळती असेल, वास येत असेल, तर सिलिंडरवाल्यांसाठी १९०६ हा मदतीचा क्रमांक आहे.

शेवटी माझ्या धंद्याला शोभेल असे बोलतो. हे सगळे एकेकट्याने करायचे काम नाही. भाडेकरू गॅलरीत खिळा ठोकायला गेला तर घरमालक अडवतो. इमारत बांधणारा न्हाणीघराला वीतभर झडप ठेवतो आणि तीही बोळात उघडते. कारखान्यात जी सुरक्षितता आली ती कोणा मालकाला सुचली म्हणून आली नाही, माणसे एकत्र बसली, त्यांनी मागणी लिहिली, तिच्यावर सह्या केल्या, म्हणून आली. तुमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा होते. तिथे पार्किंगवर दोन तास वाद होतात. त्यांतली दहा मिनिटे या विषयाला मागून घ्या. तीनच ठराव करा. आपल्या इमारतीत किती गिझर न्हाणीघरात आहेत याची मोजणी व्हावी. ते बाहेर हलवायला गॅलरीतून पाइप नेण्याची परवानगी सरसकट द्यावी. आणि दर वर्षी दिवाळीपूर्वी एकच कारागीर बोलावून सगळ्यांची तपासणी एकत्र करून घ्यावी, म्हणजे दरही कमी पडेल.

आणि त्या मोजणीत एक प्रश्न जरूर विचारा, घरात सगळ्यांत शेवटी आंघोळ कोण करते? बहुतेक घरांतून एकच उत्तर येईल. ती कोणत्या संघटनेची सभासद नाही, तिच्यासाठी कोणता निरीक्षक येत नाही. तिच्या वतीने मी आज येथे बोललो असे समजा.